वाडीमार्गे चिखलदरा

चिखलदरा हे विदर्भाचे एकमेव थंड हवेचे ठिकाण. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. वस्ती पाचेक हजारांची. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र एवढी माणसे नुसती गाडी लावायला जागा शोधत फिरत असतात.

नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते तेव्हा सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत पचमढी मध्य प्रदेशात राहिली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरकरांच्या वाट्याला चिखलदरा उरला. सरकार काही उन्हाळ्यात तिकडे हलले नाही. जनता हलली, पण तीही पावसाळ्यात. कारण मे महिन्यात नागपूरकर कूलरसमोरून उठत नाही.

रस्ता अमरावती रोडचा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर अधिकृतपणे कुठेही संपत असले तरी प्रवाशाच्या लेखी ते वाडीला संपते. दोन्ही बाजूंना गोदामे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या पाट्या आणि कोणत्या दिशेने वळणार हे शेवटपर्यंत गुपित ठेवणारे ट्रक. वाडीकराला या प्रवासात जन्मजात आघाडी असते: नागपूरकराचा पहिला अर्धा तास ज्या ट्रकांच्या मागे जातो, ते त्याच्या दारातच उभे असतात. ही आघाडी तो कोंढाळीला आलूबोंड्यावर घालवतो.

पुढे कारंजा, तळेगाव, तिवसा अशी गावे येतात. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे. तेथे आजी दर्शनाला उतरतात आणि नातू ‘मोझरी पॉइंट’ म्हणतात तो हाच का, असे विचारतो. तो पॉइंट वर चिखलदऱ्याला आहे आणि अजून बराच रस्ता बाकी आहे, हे त्याला सांगण्याचे काम सहसा काकांवर येते. अमरावतीला गिला वडा खाल्ल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. गिला वडा आणि परतवाड्यानंतरची घाटातली वळणे यांचे एकमेकांशी जमत नाही, हे मागच्या सीटवरच्यांना चौथ्या वळणावर कळते.

गावाचा इतिहास महाभारतापासून धरण्याची पद्धत आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, तो कीचकदरा म्हणजे चिखलदरा. आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंड. जवळच्या वैराट या उंच ठिकाणाचा संबंध विराट राजाशी जोडतात. कथेला शिलालेखाचा आधार नाही, पण मेलेला माणूस टाकायला दरी पुरेशी खोल आहे, याबद्दल पाहणाऱ्याला शंका राहत नाही. अर्थात दरी दिसली तर.

कारण जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला मुख्यतः धुके पाहायला मिळते. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल पॉइंट ही स्थळे एकमेकांपासून वेगळी आहेत ती पाट्यांमुळे. प्रत्येक ठिकाणी लोखंडी कठडा असतो, कठड्यापलीकडे पांढरा पडदा, आणि कठड्याला टेकून कणीस खाणारे कुटुंब.

‘काही दिसून नाही राह्यलं बे.’

‘अबे, तेच तर पाहाचं असते!’

पंचबोल पॉइंटला धुक्याचा त्रास होत नाही, कारण तेथे पाहायचे नसून ओरडायचे असते. आवाज डोंगरांवरून पाच वेळा परत येतो अशी ख्याती आहे. प्रत्यक्षात एकाच वेळी चाळीस जण ओरडत असल्याने कोणाचा आवाज कोणाला परत मिळाला, याचा हिशेब लागत नाही.

खरे पाहण्यासारखे आहे ते गाविलगड. बहामनी आणि नंतर एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाही काळात हा किल्ला बळकट झाला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजा त्यावर चालून आल्या. उत्तरेची बाजू सोपी म्हणून स्टीव्हन्सनच्या माणसांनी 7 ते 12 डिसेंबर असे दिवस डोंगरात वाट काढत तोफा ओढल्या. आज या घाटात ट्रकमागे अडकलेला चालक हॉर्न वाजवतो. त्यांना तीही सोय नव्हती. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून शत्रू आत शिरला. आतला तट मात्र शाबूत होता, तो कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिडी लावून ओलांडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि त्यात वऱ्हाडचा मोठा मुलूख गेला, पण गाविलगड भोसल्यांना परत मिळाला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक होऊन 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला भिडला. गाविलगडासाठी त्याने डिसेंबर निवडला यात मोठे शहाणपण होते. वाडीकरांसारखा जुलैत आला असता तर त्याला किल्लाच सापडला नसता.

गाव कॉफीसाठीही ओळखले जाते. इंग्रजांच्या काळापासून येथे कॉफीची झाडे आहेत. पर्यटक ती झाडे पाहतो, पानाला हात लावतो, ‘अरे वा, कॉफी!’ म्हणतो आणि टपरीवर कटिंग चहा मागवतो. भज्यांचा खप अफाट आहे. रबडी मात्र आवर्जून खावी. या डोंगरात गवळ्यांची वस्ती जुनी आहे आणि दुधाला चव आहे. भोवतालचे जंगल मेळघाटचे, 1973 साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तेथे कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या गावांवरून भरधाव जाणाऱ्या गाड्यांना वाघ दिसत नाही, याचे कोरकूंना आश्चर्य वाटत नसावे.

शनिवारी मुक्कामाला खोली मिळत नाही आणि सोमवारी हवी ती मिळते. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते आणि दरी तळापर्यंत दिसते, पण त्या दिवसांत वाडीत विचारले तर ‘आता तिथं काय आहे?’ असे उत्तर मिळते. किल्ल्याच्या शार्दूल दरवाजावरची हत्ती धरलेल्या पक्ष्यांची शिल्पे नीट पाहायची असतील तर हाच काळ बरा. किल्ल्याचा पसारा मोठा आहे आणि आत टपरी नाही, तेव्हा पाणी गाडीतून सोबत न्यावे.