पर्यायी नाना

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, तो माणूस आमच्या नानांसारखाच असणार. बोलताना चेहऱ्यावर एवढी खात्री, की समोरच्याला नकाशा काढायची लाज वाटावी.

नाना गणिताचे निवृत्त मास्तर. वसमत रोडला घर, मानवत तालुक्यात थोडी शेती आणि साठीला निघालेली शुगर. आपल्याकडे मधुमेह होत नाही, 'शुगर निघते', विहिरीला पाणी लागावं तशी. आणि ती निघाली की माणसाचे दोन प्रकार पडतात. पहिला गोड सोडतो. तो पाहण्यात नाही, फक्त ऐकण्यात आहे. दुसरा गोड बदलतो. नाना या दुसऱ्या पंथाचे महंत.

आधी त्यांनी साखर सोडून गूळ धरला. 'गुळात लोह असतं' हे सांगताना त्यांचा आवाजही जरा पोलादी व्हायचा. मग गूळ गेला, मध आला. मध गेला, खजूर आला. खजूर गेला आणि कुंडीत स्टीव्हियाचं रोप आलं; त्याच्या पानांचा चहा नानांनी आठ दिवस तोंड वाकडं न करता प्यायला. एवढ्या उलथापालथी झाल्या, पण एक गोष्ट ढळली नाही. कपात पदार्थ बदलत गेले, चमचे दोनच राहिले.

मागच्या दिवाळीत अमेरिकेहून मुलगा आला आणि त्याने एक बाटली आणली. आत मधासारखं काहीतरी, मधापेक्षा पातळ. मी वाचलं, "अगेव्ह नेक्टर."

"अगावे," नानांनी मला वर्गात उभं केल्यासारखं दुरुस्त केलं. "नेक्टर म्हणजे अमृत. देवांना त्यासाठी समुद्र घुसळावा लागला. आपल्याला नुसतं झाकण फिरवायचंय."

पुढचा तास मेक्सिकोचा झाला. तिथल्या हालिस्को प्रांतात निळसर पात्यांचं हे झाड सहा-सात वर्षं वाढवतात. मग पाती छाटून मधला गड्डा काढतात. तो दिसतो थेट अननसासारखा. त्याचा रस तापवला, की त्यातल्या लांबलचक साखळ्या तुटून फळसाखर तयार होते. त्याच गड्ड्यापासून टकिला नावाची दारूही होते, हे नानांनी स्वयंपाकघराकडे बघत, आवाज उतरवून सांगितलं.

"साखरेच्या जवळजवळ दीडपट गोड," नाना म्हणाले. "म्हणजे तीन चमच्यांचं काम दोन चमच्यांत. एक चमचा वाचला की नाही?"

वाचला. तो वाचलेला चमचा नाना दुपारच्या जादा चहात वापरू लागले. हिशोब चोख होता.

खरी गंमत काकूंची झाली. हे प्रकरण चहापुरतं राहतं तर निभलं असतं. पण नानांनी घरातली साखर बाहेर काढली, गुळाचा डबा माळ्यावर गेला आणि काकूंच्या हातात कागद आला : 'एक वाटी साखरेऐवजी पाऊण वाटीहून थोडं कमी अगावे. पदार्थातलं पाणी पाव हिश्शाने घटवावे.' ज्या बाईने चाळीस वर्षं अंदाजाने पुरण शिजवलं, तिला हा कागद म्हणजे म्हातारपणी आलेली परीक्षाच. पुरणाच्या डाळीत आधीच पाणी, वर हा पातळ पाक. पुरण आटता आटेना. शेवटी पोळ्या फुटल्या आणि त्या दिवशी आम्हांला पुरणपोळी वाटीतून मिळाली. गुळवणी निराळी करायची गरज पडली नाही, हा एक फायदा.

संक्रांतीला तर कहर झाला. तिळाच्या वडीला गुळाचा गोळीबंद पाक लागतो. पाण्यात थेंब टाकला की टणकन वाजला पाहिजे. अगावेचा पाक वाजेना. हे अमृत सहजासहजी गोठत नाही, हाच म्हणे त्याचा गुण. संध्याकाळी ताटात वड्या नव्हत्या, तीळ पोहत असलेलं तळं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या तळहातावर काकूंनी चमच्याने तीळगूळ वाढला. तो दाढेला असा चिकटला, की गोड सोडाच, अर्धा तास कुणाला काहीच बोलता आलं नाही. आमच्या कॉलनीतलं ते सर्वांत शांत हळदीकुंकू.

फेब्रुवारीत तपासणी झाली. डॉक्टर नानांचेच विद्यार्थी. त्यांनी रिपोर्ट पाहिला, बाटलीची कीर्ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता ते खरंय. ह्याने रक्तातली साखर एकदम उसळत नाही, कारण ह्यात बहुतेक फळसाखरच असते. पण ती जाते कुठं? यकृताकडं. साखर पुढच्या दाराने वाजतगाजत येते, ही मागच्या दाराने येते. जास्त झाली की चरबी होऊन तिथंच मुक्काम. उष्मांकही चमच्याला साखरेपेक्षा कमी नाहीत. दिवसाला किती चमचे घेता?"

नाना गणिताचे मास्तर; बेरीज त्यांना टाळता येईना. त्यांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, "सरासरी सांगू का?"

"सरासरी रिपोर्टात आलीय, सर. तीन महिन्यांची."

एखादा खचला असता. नानांनी घरी येऊन वेगळाच निष्कर्ष काढला : दोष पदार्थाचा नाही, परदेशी बाटलीचा आहे. ताजा रस हवा. आणि शेताच्या बांधावर ते झाड उभंच होतं.

ते झाड म्हणजे आपलं केकताड. कुणी घायपात म्हणतं. मूळ तेही मेक्सिकोकडचंच, त्या निळ्या झाडाचं चुलतभावंड. पण आपल्याकडे आल्यावर ते रेल्वेच्या कडेला आणि बांधावर जनावरं अडवायला उभं राहिलं. पाती ठेचून त्याचा वाख काढायचा, वाखाचा दोर वळायचा, दोराने बैल बांधायचा; एवढीच त्याची आपल्याशी ओळख. जायकवाडीच्या कालव्यावर ऊस डोलत असलेल्या जिल्ह्यात केकताडाकडे गोडव्यासाठी बघणारा नाना हा पहिलाच माणूस असावा.

मी सोबत होतो. नानांनी कोयत्याने पातं तोडलं, रस वाटीत धरला. सालगडी लांब उभा राहून बघत होता.

"गुरुजी, काय करूलालेत?"

"ह्यातून अमृत निघतं."

"ह्यातून दोर निघतो, गुरुजी. अन् खाज."

खाजेबद्दल तो तज्ज्ञ होता. त्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हे नानांना घरी आल्यावर वाचनात सापडलं. हातांना आधीच कळलं होतं. दोन दिवस नाना कोपरापर्यंत खोबरेल लावून बसले होते. पाहुणा आला तर नमस्कारही लांबून.

तोवर बाटली संपली. पाथरीकडच्या नातेवाइकांनी गुऱ्हाळावरून काकवी धाडली होती. काकूंनी बाटली धुतली, उन्हात वाळवली आणि तिच्यात काकवी भरली. तसाच तांबूस रंग, तशीच संथ धार. मी गेलो तेव्हा नाना धपाट्याच्या घासावर तीच धार सोडत होते.

"बघा," ते म्हणाले, "मुरली की हिची चव कशी उतरते. अगावे म्हणतात ते हे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी धपाट्याकडे. मग काकू ओला फडका घेऊन बाटलीवरचा चिकट कागद खरवडायला बसल्या. "आता कशाला हे इंग्रजी? मी साधी चिठ्ठी लावते."

नानांनी घास गिळला, माझ्याकडे न बघता बाटली हळूच आपल्या बाजूला ओढली आणि म्हणाले, "लेबल राहू दे."