आप्पांचं चूर्ण

आप्पांना तब्येत विचारली, की ते राणीची सांगतात. सकाळी गारगोटीच्या स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर कुणी ‘काय आप्पा, बरं हाय न्हवं?’ म्हटलं, की उत्तर येतं, ‘झकास! लीद ओली आणि गोळीबंद पडली.’ नव्या माणसाचा कप ओठापाशीच थांबतो. जुनी मंडळी बिस्किट बुडवत राहतात.

राणी ही आप्पांची पांढरी घोडी. भुदरगड तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवर घाबरलेले आहेत, असं आप्पा सांगतात. तुळशीचं लग्न लागलं की वरातींचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमाराला वेदगंगेवरून धुकं गावात शिरायला लागतं. काम आणि थंडी अशी एकदमच दारात येतात. मग आप्पांमधला वैद्य जागा होतो.

ही विद्या शालिहोत्र ऋषींपासून थेट आपल्यापर्यंत आली, असं त्यांचं म्हणणं. मधले काही हजार वर्षांचे लोक त्यांनी वगळले आहेत. अज्ञातवासात नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन विराटाच्या पागेत राहिला, हे त्यांना तोंडपाठ. धर्मराजानं कोणतं नाव घेतलं होतं, ते मात्र आठवत नाही. पाचांत कामाचा एकच होता, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

या विद्येचं सार बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात असतं. सुंठ, ओवा, मेथी, हळद, हिरडा, काळं मीठ आणि चिमूटभर हिंग, इथपर्यंत सगळे जाणतात. त्यापुढे पाटगावच्या रानातला एक पाला आहे. त्याचं नाव आप्पा सख्ख्या मुलालाही सांगत नाहीत. मुलानं ते कधी विचारलेलंही नाही.

रोज संध्याकाळी हे चूर्ण गुळात घोळून राणीपुढे धरलं जातं. राणी हुशार आहे. ती गूळ चघळून खाते आणि चूर्ण ओठांच्या कोपऱ्यातून अलगद खाली सोडते. मग कोंबड्या येऊन ते टिपतात. आप्पांच्या कोंबड्या कधी आजारी पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

तरीही राणी ऐन डिसेंबरात तुकतुकीत दिसते, हेही खोटं नाही.

त्याचं असं आहे. पहाटे गाव दुलईत असताना आप्पा बंब पेटवतात. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. थंडीत पाणी गार असलं की तो कमी पितो. वर कोरडा कडबा पडतो, आतडी तुंबतात आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकताही येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं वरून निघण्याची सोय नाही. म्हणून पहिलं कोमट पाणी राणीला, चंदीत मूठभर मीठ आणि मग लिदीची पाहणी. चहाच्या गाड्यावरची बातमी ही या पाहणीची असते. उरलेल्या पाण्यात आप्पांच्या बायकोची, आक्कांची, आंघोळ उरकते.

थंडी वाढली की लोक हरभरे वाढवतात, आप्पा वैरण वाढवतात. ‘चंदीनं ताकद, वैरणीनं ऊब,’ असं ते म्हणतात. मोठ्या आतड्यात चारा आंबताना जी ऊब तयार होते तिच्यावर घोडा रात्र काढतो, असं पशुवैद्यही सांगतात. ऊसतोडीच्या दिवसांत सगळ्या तालुक्यात वाड्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे फुकटात फिरत असतात, पण राणीपुढे एक पेंढी येत नाही. वाड्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम अडवतं आणि घोड्याची हाडं ठिसूळ होतात. आप्पांचं शास्त्र आखूड आहे: ‘वाडं म्हशीचं.’ मुहूर्त नसेल त्या दिवशी चंदी निम्मी. भरपेट चंदी खाऊन उभं राहिलेलं जनावर दुसऱ्या दिवशी कामाला काढलं, तर मांड्या आखडतात आणि लघवी काळपट होते.

वरात रात्री संपते. नवरदेव उतरतो, बँडवाले पांगतात आणि आप्पा घामेजलेल्या राणीला रिकाम्या रस्त्यानं हळूहळू फिरवत बसतात. अंग वाळल्याशिवाय झूल नाही. घरी आल्यावर काडानं चोळणं, खरारा, खुरांतली घाण काढणं. सहा-आठ आठवड्यांनी नालबंद ठरलेला. आप्पांच्या लेखी यातलं काहीच औषध नव्हे. याला ते ‘वरची कामं’ म्हणतात.

घोड्याला धनुर्वात पटकन धरतो, म्हणून लस ते दरवर्षी टोचून घेतात. पण डॉक्टरांना बोलावणं जातं अंधार पडल्यावर. लोकांनी बघितलं तर चूर्णाची अब्रू जाईल.

आक्कांचं मत कुणी विचारत नाही, तरी त्या सांगतात. ‘मला खोकला झाला तर ह्ये पैल्यांदा घोडीच्या नरड्याला हात लावून बगत्यात. तिला न्हाई म्हटल्यावर मग माझा काढा.’

मागल्या थंडीत कागलकडचा एक शर्यतीवाला चूर्ण घेऊन गेला. पंधरवड्यानं तो घोड्याचं खपाटीला गेलेलं पोट मोबाइलवर दाखवत परत आला.

‘आप्पा, गुण न्हाई.’

‘पाणी कसलं देतोस?’

‘बोअरचं. टाकी भरलेलीच असतीया.’

‘उठतोस कधी?’

‘मी आठाला. गडी हाय की.’

‘वैरण?’

‘वाडं. लागंल तेवढं.’

आप्पांनी डोळे मिटले. शालिहोत्रापासूनची सगळी विद्या आठवली आणि निदान सांगितलं, ‘मात्रा कमी पडली. दुप्पट घाल.’

शर्यतीवाल्यानं पाकिटाला हात घातला. तेवढ्यात आक्का उंबऱ्यातून म्हणाल्या, ‘चूर्ण ऱ्हाऊ दे रं. ह्यास्नीच घेऊन जा म्हैनाभर. घोडं सुधारंल आणि मला बी विसावा मिळंल.’

शर्यतीवाला हसला. आप्पा मात्र दचकले.

‘आणि हितं राणीचं पाणी कोण तापवणार?’