लाभार्थी

गारगोटीत निवृत्त माणसाला वेळ घालवायला जागा पुष्कळ. वेदगंगेपर्यंत फेरी आहे, एसटी स्टँड आहे, मौनी विद्यापीठाचं आवार आहे. आमच्या शेजारच्या अण्णांना यातलं काहीच मानवत नाही. ग्रामसेवक म्हणून भुदरगड तालुक्यात त्यांनी जन्म काढला. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं आणि ते त्यांच्या अंगातच भिनलं. पहाटे गुड मॉर्निंग पथक घेऊन, हातात बॅटरी, तोंडात शिट्टी, असे ते उसाच्या बांधावर उभे राहायचे. भलीभली माणसं टमरेल लपवून माघारी फिरायची. निवृत्तीनंतर शिट्टी तेवढी उरली.

अशात नातीनं घरात ससा आणला. पहिल्याच रात्री त्यानं सोपाभर लेंड्यांची रांगोळी घातली. काकूंनी कपाळाला हात लावला. अण्णांचे डोळे मात्र चमकले.

ससा त्या दिवसापासून ‘लाभार्थी’ झाला. अण्णांनी सोप्याचा नकाशा काढला, लेंड्या पडतील तिथं लाल फुल्या मारल्या. मधोमध प्लॅस्टिकचा टब मांडून नारळ फोडला. पहाटे पाचला शिट्टी सुरू. सशाची जात पहाटे आणि तिन्हीसांजेलाच हुंदडणारी. शिट्टी झाली की तो पलंगाखाली पळायचा आणि भेदरून तिथंच उरकायचा.

“आवं, त्यो काय ग्रामसभंला येनार हाय व्हय? शिट्टी कुणाला वाजवतायसा?” काकू करवादायच्या.

“प्रबोधनाला वेळ लागतो,” अण्णा वहीतून मान वर न काढता सांगायचे.

शेवटी नातीनं टब उचलला आणि फुल्या सगळ्यात दाट होत्या त्या कपाटामागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. खाली रद्दी, वर पिंजर, वास ओळखीचा राहावा म्हणून चार जुन्या लेंड्या. बाकीची फरशी व्हिनेगरनं पुसली. टबाच्या काठालाच वाळल्या गवताची पेंढी बांधली, कारण ससा खाता खाताच मोकळा होतो. आठवड्याभरात माल टबात पडू लागला. अण्णांनी वहीत नोंद केली: ‘जनजागृतीमुळे वर्तनबदल.’

एकदा काकूंनी सशाला मऊ लेंडी थेट तोंडात घेताना पाहिलं आणि किंचाळल्या. पहिल्या फेरीत न पचलेलं सत्त्व ससा असं दुसऱ्यांदा पोटात घालतो. अण्णा गहिवरले. “घनकचऱ्याची जागच्या जागी विल्हेवाट! एवढं मनावर माझ्या एकाही गावानं घेतलं नव्हतं.”

पुढं ससा वयात आला आणि हद्द आखायला लागला. भिंतीवर फवारा, दारावर फवारा, एकदा खुद्द अण्णांच्या धोतरावर. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसबंदी करा, बरंच कमी होईल. अण्णा ताडकन उठले. नोकरीच्या उमेदीत कुटुंबनियोजनाच्या केसेसचं टार्गेट त्यांच्याही मानगुटीवर असायचं आणि दर मार्चला एखादी केस कमीच पडायची.

कोल्हापूरला जाऊन ते संध्याकाळी परतले ते छाती काढूनच.

“कॅम्पला नेताना माझे लाभार्थी वाटेत लघवीचं निमित्त काढून एसटीतून उतरायचे, ते पुन्हा दिसायचेच नाहीत,” पिशवी अलगद खाली ठेवत ते म्हणाले. “हा गडी गपगुमान गेला, आणि अनुदान कधी मिळणार हेसुद्धा विचारलं नाही.”