पायपीटकर

इंग्लंडातल्या प्रत्येक खेड्याला एक चर्च, एक पब आणि एक पायपीटकर असतो. पहिल्या दोघांना अलीकडे टाळी लागू लागली आहेत. तिसऱ्याचं बरं चाललं आहे. पायपीटकर हे अर्थात त्याचं खरं आडनाव नव्हे. पण ज्या निष्ठेनं हा माणूस रोज सकाळी बांधाबांधानं चालत सुटतो आणि संध्याकाळी ते सगळं आपल्या कानावर घालतो, ती पाहता दुसरं आडनाव त्याला शोभणार नाही. वय पासष्टीच्या पुढे. निवृत्त. आयुष्य विमा कंपनीत, शाळेत किंवा कौन्सिलच्या कचेरीत गेलेलं, त्यामुळे लोकांकडून फॉर्म भरून घ्यायची हातोटी जुनीच.

पोशाख ठरलेला. गुडघ्यापर्यंत मोजे, चिखलाचे बूट, दोन्ही हातांत काठ्या आणि गळ्यात नकाशाची प्लास्टिकची पिशवी, बालवाडीतल्या पोराच्या गळ्यात पाण्याची बाटली असावी तशी. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, नारिंगी कव्हरचा, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. ज्या वाटेवर तो आयुष्यभर कुत्रं फिरवत आला, त्या वाटेवरही तो थांबून नकाशा बघतो. फोनवर वाट दिसते हे त्याला माहीत आहे. पण फोनची घडी घालता येत नाही, आणि भर वाऱ्यात नकाशाची घडी घालण्याची झटापट हा त्याच्या व्यायामाचा निम्मा भाग आहे.

तो चालतो ते दानासाठी. तो इतके मैल चालणार म्हणतो, ओळखीपाळखीचे फॉर्मवर किंवा वेबपानावर मैलामागे अथवा एकरकमी आकडा कबूल करतात आणि पैसे एखाद्या संस्थेला जातात. एका महिन्यात कर्करोगाच्या संशोधनासाठी, दुसऱ्यात गावाजवळच्या, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिससाठी, तिसऱ्यात समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या बोटींसाठी. समुद्र त्याच्या गावापासून गाडीनं दोन तासांवर आहे, पण बोटींची ती संस्था १८२४ पासून लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि दोनशे वर्षांची परंपरा आपल्या पिढीत मोडायला नको असं त्याला वाटतं.

आता आपल्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की, चालायचं कशाला? पैसे हवे तर पैसे मागावेत. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला चार पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात, ‘काका, गेल्या वर्षी पाचशे होते’ म्हणतात आणि आकडा लिहूनच टाकतात. ‘आधी चौकापर्यंत पळून दाखवा’ असं कुणी काका म्हणत नाहीत. आपल्याकडेही लोक पुण्यासाठी चालतातच. पण आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी कुणाकडे मैलामागे दर मागत नाही, उलट वाटेवरची गावंच त्याला जेवू घालतात. गागोद्याचे विनोबा तर १९५१ पासून तेरा वर्षांहून जास्त काळ देशभर चालले, पण त्यांनी सरळ जमीनच मागितली. ‘मी इतके कोस चाललो, आता एकराचं बघा’ असा हिशेब त्यात नव्हता.

इंग्रज माणसाला असं सरळ मागता येत नाही. पैशाचा विषय काढताना तो इतका अवघडतो की, त्यापेक्षा पाय सुजलेले बरे. म्हणून त्यानं हा तोडगा काढला. आधी आपल्या जिवाला थोडा त्रास करून घ्यायचा, तो समोरच्याला दिसेल अशी व्यवस्था करायची, मग समोरचाच संकोचून खिशात हात घालतो. मागणाऱ्यानं मागितलं नाही आणि देणाऱ्यानंही नुसतं दिलं नाही. दोघांच्या मध्ये एक ओला, चिखलानं भरलेला बूट आहे. हा बूट म्हणजेच पावतीपुस्तक.

‘काल जरासं ओलं होतं,’ असं पायपीटकर म्हणाला तर समजावं की ओढ्याला पूर आला होता. ‘अंगठ्याचं थोडं काहीतरी झालंय’ म्हणाला तर नख गेलं. एवढं सांगून तो हवेवर बोलतो, गुलाबाच्या छाटणीवर बोलतो आणि निघताना फाटकाशी वळून, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात म्हणतो, ‘तुमच्यापर्यंत ती लिंक आली ना?’

त्याचं खरं प्रेम मात्र दानावर नसून वाटांवर आहे, असा मला दाट संशय आहे. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांच्या हक्काच्या वाटा लाखाहून जास्त मैलांच्या आहेत आणि त्या खाजगी शेतांतून, कुरणांतून, क्वचित कुणाच्या परसातूनही जातात. डोंगरमाळावर मात्र जमीनदारांची मक्तेदारी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या शेकडो कामगार पोरापोरींनी किंडर स्काउटच्या बंद माळरानावर मुद्दाम घुसून चालण्याचा सत्याग्रह केला, त्यात पाच जण तुरुंगात गेले. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. आपली माणसं तिथे मंडळ काढत होती तेव्हा तिथली माणसं चालायला जागा मागत होती.) मोकळ्या डोंगरमाळावर फिरायचा हक्क कायद्यानं मिळायला मग २००० साल उजाडलं. पायपीटकर हा इतिहास असा सांगतो, जणू त्या पाचांत तो सहावा होता. त्याच्या खिशात मोजपट्टी असते. शेत नांगरल्यावर मधून जाणारी पायवाट पंधरवड्याच्या आत पुन्हा नीट, निदान मीटरभर रुंद करून द्यायला हवी, असा नियम आहे. आणि पट्टी लावल्यावर ऐंशी सेंटिमीटर भरलं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते भरघोस देणगी मिळाल्यावरही पसरत नाही.

एकदा त्याच्याबरोबर चालताना एका कुरणाच्या फाटकाशी मी थबकलो. आत तांबूस अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा वळू उभा होता. मी म्हटलं, ‘परत फिरू या.’

‘छे. जर्सी, फ्रिजियन असल्या दुभत्या जातीचा, दहा महिन्यांवरचा वळू पायवाटेच्या शेतात सोडायला बंदी आहे. १९८१ चा कायदा.’

‘मग हा?’

‘हा हेरफर्ड, मांसाच्या जातीचा. चालतो. फक्त बरोबर गायी हव्यात. आहेत, त्या बघा पाच-सहा. म्हणजे सगळं कायदेशीर आहे.’

वळूनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. गोतावळा बरोबर असला की नर शांत राहतो, या गृहीतावर पार्लमेंटनं कायदा केला आणि आता त्याची परीक्षा माझ्यावर होणार होती. पायपीटकरनं दोन पावलं टाकली. वळूनंही एक टाकलं. त्यानंतर पायपीटकर अतिशय सभ्यपणे म्हणाला की, आज कुंपणाच्या कडेकडेनं गेलो तर काटेरी झुडपांवर काय फुललंय तेही बघता येईल. आम्ही पूर्ण कुरणाला वळसा घातला. तो वळसा त्यानं संध्याकाळी मैलांत धरला.

या मोहिमेत एक सौ. पायपीटकरही असतात. त्या चालत नाहीत. त्या मोटार घेऊन वाट संपते तिथे थर्मास, कोरडे मोजे आणि टॉवेल घेऊन थांबतात, परतीच्या वाटेवर कुत्र्याचे पाय पुसतात, रात्री फोटो निवडतात आणि ‘आभार’ असं शंभर जणांना लिहितात. देणगीच्या पानावर त्यांचा उल्लेख ‘माझी मदतनीस’ असा येतो. मला विचाराल तर संस्थांनी पानं त्यांच्याच नावानं काढावीत.

या पंथाचे संत म्हणजे कॅप्टन टॉम मूर. एप्रिल २०२०, टाळेबंदी, बेडफर्डशरमधलं एक घर. शंभरी गाठायला आलेले हे निवृत्त फौजी चाकांच्या वॉकरचा आधार धरून बागेतल्या पंचवीस मीटरच्या वाटेवर फेऱ्या घालू लागले. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, धर्मादाय निधीसाठी हजार पौंड जमवायचे, एवढाच बेत. जमले तीन कोटी वीस लाखांहून जास्त. राणीनं त्यांना ‘सर’ केलं. पायपीटकर त्यांच्याबद्दल अत्यंत आदरानं बोलतो, फक्त शेवटी एकदा खाकरतो. ‘बागेतल्या बागेत,’ तो म्हणतो, ‘आणि बाग सपाट होती.’

नावं ठेवणारे ठेवतात. हा तसाही चालणारच होता, मग पैसे कसले, असं आमच्या ओळखीचे एक हिशेबी मराठी सद्गृहस्थ म्हणायचे. त्यांनी एकदा भिडेखातर फॉर्मवर ‘मैलामागे एक पौंड’ लिहिलं. साहेब म्हातारा आहे, चालून चालून किती चालेल, असा अंदाज. पायपीटकर महिनाभर रोज आठ-आठ मैल चालला. त्या महिन्यात या गृहस्थांनी पावसासाठी केलेले नवस मी ऐकले आहेत. पाऊस पडलाही. पायपीटकर छत्री न घेता चालला.

पण त्यांचा आक्षेप मला पटत नाही. चालणं हा बहाणा आहे हे पायपीटकरला ठाऊक आहे, देणाऱ्यालाही ठाऊक आहे. त्या देशात अपघाताच्या जागी उतरणारी बहुतेक हेलिकॉप्टरं अशाच पैशांवर उडतात. डोंगरात पाय मुरगळला तर खाली आणायला येणारेही बिनपगारी स्वयंसेवक, आणि त्यांच्या दोरखंडासाठी दुसरा कुणी पायपीटकर कुठेतरी चालत असतो. ज्याचा पाय मुरगळला तो बरा झाल्यावर त्यांच्यासाठी चालतो. एवढं काम होत असेल तर माणसानं थोडा वेळ अंगठ्याबद्दल बोललेलं ऐकून घ्यायला हरकत नाही.

तेव्हा मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने इंग्लंडला जाणार असाल आणि कुंपणापलीकडून एक ओला गृहस्थ हवेबद्दल बोलू लागला, तर घरात पळू नका. अंगठ्याची चौकशी करा. मैलामागे आकडा मात्र चुकूनही लिहू नका, एकरकमी द्या. आणि पैसे मुलाला त्याच्याच खिशातून देऊ द्या, ‘गिफ्ट एड’च्या चौकोनात खूणही करू द्या. तो तिथे कर भरतो, त्याच्या दहा पौंडांवर सरकार संस्थेला आणखी अडीच पौंड देतं. तुमच्या दहाचे दहाच होतात.