निनावी टिपणातले चितळकर

जुन्या हिंदी गाण्यांच्या शौकीन मंडळाकडे निनावी टिपण आले की त्यातली चूक सापडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो ती सांगायची कशी हे ठरायला. खाली नाव असते तर त्या गृहस्थांना बाजूला घेऊन, चहा पाजून हळूच सांगता आले असते. नाव नसले की दुरुस्ती चारचौघांत करावी लागते आणि प्रत्येक सभासद ती आपल्यालाच लागू आहे असे समजून घसा खाकरतो.

नेहमीचा नमुना ‘अलबेला’चा (१९५१). ‘शोला जो भडके’ या गाण्यात सी. रामचंद्रांनी चितळकर नावाच्या एका गुणी गायकाला लताबाईंबरोबर गायची संधी दिली, असे टिपणात म्हटलेले असते. पुढे या गायकाची कशी उपेक्षा झाली यावर एक परिच्छेद हळहळ. परिच्छेद झकास असतो. अडचण एवढीच, की चितळकर म्हणजे खुद्द सी. रामचंद्र. पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर चाल लावताना सी. रामचंद्र असत आणि गाताना चितळकर. ‘पतंगा’मध्ये (१९४९) रंगूनहून शमशाद बेगमशी टेलिफोनवर बोलणारा आवाज त्यांचाच. या संगीतकाराने या गायकाची उपेक्षा केली, असा आरोप निदान टिकणारा नाही.

एवढ्यावर वाद मिटत नाही. कोणीतरी घरून तबकडी आणतो. तिच्यावर संगीतकार आणि गायक यांची नावे वेगवेगळी छापलेली असतात, म्हणजे पुरावा चुकीच्याच बाजूने उभा राहतो. अशा वेळी ‘महल’ची (१९४९) आठवण द्यावी. ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते. ते मधुबालाच्या भूमिकेचे नाव. गायलेल्या होत्या लता मंगेशकर, आणि हे लोकांना कळले ते श्रोत्यांनी रेडिओला पत्रे धाडल्यावर. छापलेले सगळेच खरे नसते, हे मंडळाला पटते. फक्त आपापल्या तबकडीबद्दल पटत नाही. मग कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ काढावा लागतो. तो उघडला की आवाज आपोआप खाली येतात.

दुरुस्ती एका ओळीची असावी: गायक चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. ‘विद्वान टिपणकारांना’ वगैरे टोमणे नकोत. उद्गारचिन्ह तर मुळीच नको. ती वाचून ‘एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे’ असे जो सर्वांत मोठ्याने म्हणेल, तोच बहुधा टिपणकार. त्याला ओळख दाखवू नये. आणि स्मरणिकेत दुरुस्ती छापण्यापूर्वी ‘अलबेला’चे साल १९५१ च पडले आहे ना, हे प्रुफात एकदा पाहून घ्यावे.