अंतराळातली थकबाकी

युद्ध पेटायला सिंहासन लागतं, सीमा लागते, निदान एखाद्या राजपुत्राचा खून तरी. 27 जानेवारी 2014 रोजी जे पेटलं, ते थकबाकीमुळे. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या डावपेचांच्या खेळात सूर्यमालेवर ताबा ठेवायचा तर ठरल्या मुदतीत बिल भरावं लागायचं. एका बलाढ्य आघाडीचं बिल भरायचं राहिलं, ताबा सुटला आणि टपून बसलेले विरोधक फौजफाट्यासह दाखल झाले.

त्या सूर्यमालेचं नाव बी-आर-5-आर-बी. पानिपत म्हटलं की अंगावर काटा येतो. हे नाव ऐकून मालगाडीच्या डब्यावरचा नंबर आठवतो. तिथे साडेसात हजारांच्या आसपास खेळाडू जवळजवळ 21 तास लढले. टायटन ही खेळातली सर्वांत अवाढव्य जहाजं, एकेक बांधायला आठवडेच्या आठवडे लागतात. अशी 75 फुटली. गर्दीने सर्व्हर कोलमडू नये म्हणून हा खेळ स्वतःचा काळच मंद करतो, पार दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे तोफ डागायची, चहा टाकायचा, आलं कुठे ठेवलंय म्हणून घरच्यांना हाक मारायची, चहा गाळून परत यायचं. शत्रू अजून मरतोच आहे.

तीन लाख डॉलरची जहाजं नष्ट झाल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. हिशेब तसा खोटा नव्हता. खऱ्या पैशांनी घेतलेलं वर्गणीचं टोकन खेळातल्या चलनात विकता येतं, त्यावरून विनिमयाचा दर निघतो. पण जहाजं उभी राहिली होती ती बहुतांशी खेळातच खणलेल्या खनिजांवर आणि असंख्य जागरणांवर. जागरणांचा भाव कुणी काढला नाही.

2003 साली आइसलँडच्या सीसीपी या कंपनीने हा खेळ आणला तेव्हापासून त्यात फसवणूक, हेरगिरी आणि दगाफटका नियमात बसतो. त्यामुळे राजकारण आपसूकच आलं. बँड ऑफ ब्रदर्स या आघाडीचा एके काळी दरारा होता. 2009 मध्ये तिचा एक संचालक गूनस्वार्म या हाडवैऱ्याला फितूर झाला आणि हाती असलेल्या अधिकारात त्याने अख्खी आघाडीच विसर्जित करून टाकली. जुन्याच नावाने पुन्हा उभं राहावं म्हटलं, तर ते नाव विरोधकांनी नोंदवून टाकलेलं! संघटना कुणाची आणि नाव कुणाचं, यावरून मराठी वाचकाला आणखी काही आठवलंच, तर ते त्याने मनातच ठेवावं.

गूनस्वार्मची गंमत वेगळीच. ही मंडळी 'समथिंग ऑफुल' या विनोदी संकेतस्थळावरून आलेली. बोधचिन्ह लठ्ठ मधमाशी. खेळ फारच मनावर घेणाऱ्यांची टर उडवायची, एवढाच कार्यक्रम. पण टर उडवायलाही फौज लागते, फौजेला रसद लागते, रसदेला हिशेब लागतो. पाहता पाहता त्यांच्याकडे परराष्ट्र खातं आलं, हेर खातं आलं, अर्थ खातं आलं, फुटलेल्या जहाजाची भरपाई देणारी योजनाही आली. चेष्टा करायला आलेला माणूस भरपाईच्या दाव्यांची छाननी करत बसलाय, याहून मोठी चेष्टा दुसरी कुठली असणार?

खुद्द सीसीपीने 2007 मध्ये खेळातल्या बाजारावर नजर ठेवायला एक अर्थतज्ज्ञ नेमला. पुढच्याच वर्षी आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांच्या आत कोसळल्या, खऱ्या. खेळातही खेळाडूंनी काढलेली एक बँक होती. 2009 मध्ये तिच्या प्रमुखाने सुमारे 200 अब्ज इस्क, म्हणजे खेळातलं चलन, लांबवून खऱ्या डॉलरना विकलं. कंपनीने त्याला हाकललं. ठेवीदारांना बुडवलं म्हणून नव्हे हं, ते नियमात बसतं! खेळातला पैसा खेळाबाहेर विकला म्हणून.

इतकं सगळं असून हा खेळ सुसह्य राहतो तो एका रिवाजामुळे. लढाई संपली की हरलेलाही चॅटमध्ये 'जीएफ' लिहितो: 'गुड फाइट', झकास झाली. महिनाभर राबून बांधलेल्या जहाजाची राख झालेली असताना ही दोन अक्षरं उमटवायला काळीज लागतं. काहींना ते जमत नाही. ते सुडाच्या योजना आखतात, झोप घालवतात आणि घरच्यांवर खेकसतात. जमणारे रेक्याविकला फॅनफेस्ट या मेळाव्यात भेटतात आणि ज्याने जहाज फोडलं त्याच्याच शेजारी बसून बिअर पितात.

'अंतराळातलं एक्सेल' अशी या खेळाची टवाळी वर्षानुवर्षं चालू होती, कारण खऱ्या लढाया तक्त्यांमध्ये लढल्या जातात. 2022 च्या फॅनफेस्टमध्ये सीसीपीने जाहीर केलं, की मायक्रोसॉफ्टच्या मदतीने खेळातली आकडेवारी आता थेट एक्सेलमध्ये उतरवता येईल. सभागृहाने टाळ्या आणि आरोळ्यांनी छत डोक्यावर घेतलं.