धुळीला मोताद

छंदाला तीन गोष्टी लागतात : पैसा, जागा आणि घरच्यांची सहनशक्ती. जुने कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर जमवणाऱ्याला आणखी एक गोष्ट लागते, आणि नेमका तिचाच तुटवडा असतो. धूळ.

तिकिटं जमवणारा माणूस ती पाकिटांवर चिकटवून पत्रं टाकत बसत नाही. नाणी जमवणारा शिवराई मोडून कोथिंबीर आणत नाही. पण अमेरिकेत आणि इंग्लंडात जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारी जी मंडळी आहेत, त्यांना यंत्र नुसतं कपाटात ठेवून चैन पडत नाही. ते लावून बघावं लागतं, ओढून बघावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते काही ओढतंय याची खात्री पटावी लागते. घरात यंत्रं वीस आणि गालिचे दोन, असं प्रमाण पडलं की पंचाईत होते. सोमवारी १९३७च्या यंत्राने बैठकीची खोली साफ केली, तर मंगळवारी १९५२च्या यंत्राला कडकडीत उपास. त्यामुळे या मंडळींच्या घरी पाहुण्याने बिस्किट खाताना चार कण सांडले, तर यजमानाचा चेहरा पडत नाही, उजळतो.

कॅनिस्टर म्हणजे ज्याची मोटर आणि पिशवी एका डब्यात असते, डबा जमिनीवर असतो आणि त्याला लांब नळी असते, तो. माणूस नळी घेऊन पुढे चालतो आणि डबा खुर्च्यांच्या पायांना धडकत मागून येतो. दांड्याला मोटर आणि पिशवी लटकवलेला ‘अपराइट’ हा दुसरा पंथ. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी, जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या दमेकरी झाडूवाल्याने पंखा, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून केलेल्या खटपटीतून तो पुढे आला. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि ते हूवर नावाच्या कातडी सामानाच्या कारखानदाराकडे गेलं. दोन पंथांत वाद आहेतच. ते इथे काढले तर लेख संपायचा नाही.

या सगळ्याचा मूळपुरुष मात्र इंग्रज. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंजिनिअर १९०१ साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एक नवं अमेरिकन यंत्र पाहायला गेला. ते जोरात हवा फुंकून धूळ उडवायचं. उडालेली धूळ थोडा वेळ हिंडून-फिरून पुन्हा जागेवर येऊन बसायची. बूथने विचारलं, फुंकण्याऐवजी ओढत का नाही? उत्तर मिळालं, ते शक्यच नाही. पुढे व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात बसला असताना बूथने खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव कासावीस झाला, पण रुमालावर काळा डाग उमटला. शोध लागला. वेटरने काय विचार केला असेल, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

बूथचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं, चांगलं धूड होतं. ते रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडकीतून लांब नळ्या घरात जायच्या. त्याच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बिथरायचे म्हणून तक्रारी झाल्या. तरी १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले. बूथ धंद्यातही हुशार. त्याने नळीचा काही भाग पारदर्शक ठेवला. आपल्या घरातून निघालेली घाण सरसर जाताना पाहायला उमरावांच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलवू लागल्या. स्वतःच्या घरचा केर पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची ही जगातली बहुधा पहिलीच वेळ.

तेव्हापासून या धंद्याचं आणि आता या छंदाचं मर्म तेच राहिलं आहे. यंत्र विकायचं नसतं, घाण दाखवायची असते.

हे गणित सर्वांत नीट कळलं ते स्वीडनच्या ॲक्सेल व्हेनर-ग्रेनला. १९०८ साली व्हिएन्नातल्या एका दुकानाच्या काचेआड त्याने एक अगडबंब क्लीनर पाहिला आणि हा लहान करून घरोघर विकता येईल, हे त्याच्या डोक्यात बसलं. १९१९ साली इलेक्ट्रोलक्स कंपनी उभी राहिली आणि १९२१ साली तिचं ‘मॉडेल फाइव्ह’ आलं. आडवा नळकांडी डबा, आणि खाली चाकांऐवजी बर्फावरच्या घसरगाडीला असतात तशा दोन पट्ट्या. पुढे कित्येक वर्षं कॅनिस्टर म्हटला की हाच आकार डोळ्यांसमोर यायचा. दारोदार हिंडणाऱ्या विक्रेत्यांनी तो गावोगाव नेला, आणि प्रत्येक दारात आधी बाईंच्याच गादीतली धूळ काढून बाईंनाच दाखवली.

संग्राहकांच्या गळ्यातला ताईत म्हणजे अमेरिकेतल्या इलेक्ट्रोलक्सचं १९३७ सालचं ‘मॉडेल थर्टी’. लुरेल गिल्ड या डिझायनरने त्याला आगगाडीच्या इंजिनाचा रुबाब दिला : पुढे-मागे चकाकता धातू, मध्ये चामड्यासारखं आवरण, अंगावर आडव्या वेगरेषा. दर ताशी दीड किलोमीटरने सोफ्याखाली जाणाऱ्या वस्तूला वेगरेषा कशाला, हे विचारायचं नसतं. पुढचं झाकण उघडलं की आत कापडी पिशवी. मागच्या तोंडाला नळी लावली की हेच यंत्र हवा बाहेर फेकतं. त्यामुळे सोबत रंग फवारायचं भांडंही यायचं. गालिचा साफ करा आणि त्याच दमात कुंपण रंगवा.

असं यंत्र हाती लागलं की संग्राहक आधी प्लग लावत नाही. आधी वायर वाकवून बघतो. जुनं रबर कडक झालेलं असतं आणि वाकवलं की तडकतं. शरीर धातूचं आणि प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगच्या नावाने शिमगा. मग कार्बन ब्रश : मोटरच्या फिरत्या भागाला टेकलेले कोळशाचे दोन बोटभर ठोकळे, झिजत झिजत नखाएवढे झालेले. ते बदलले, बेअरिंगला ग्रीस दिलं, वायर नवी घातली, की मग बटण दाबायचं. आधी गरम धुळीचा आणि जुन्या रबराचा एक वास येतो. या वासावर माणसं जीव टाकतात. नंतर नळीच्या तोंडावर तळहात ठेवायचा. तळहात खेचला गेला तर यंत्र जिवंत. नुसतं गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं तर कापडी विणीच्या नळीला कुठेतरी भोक आहे.

आवाजाचंही एक शास्त्र आहे. या यंत्रांत पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते. पिशवी तुडुंब भरली की हवा कमी येते, पंख्यावरचा भार हलका होतो, मोटर जास्त वेगाने फिरते आणि सूर वर चढतो. माणसाचा घसा धुळीने बसतो, याचा धुळीने तार सप्तकात जातो. पिशवी भरल्याचं अनेकांच्या लक्षातच येत नाही म्हणून इलेक्ट्रोलक्सने पन्नाशीच्या दशकात असं मॉडेल काढलं की पिशवी भरली की यंत्र आपोआप बंद पडून पुढचं दार उघडायचं. आज संग्राहकाला ही करामत पाहुण्यांसमोर करून दाखवायची असते. त्यासाठी पिशवी भरावी लागते. पुन्हा तोच प्रश्न, एवढी धूळ आणायची कुठून?

त्याच दशकात हूवरने ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचा गोल गरगरीत क्लीनर काढला. हेन्री ड्रेफस यांनी रेखलेल्या या गोळ्याला पुढे चाकांऐवजी स्वतःच्याच बाहेर पडणाऱ्या हवेवर तरंगायला शिकवलं. ‘एसआरएन-वन’ या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी ओलांडली ती १९५९ साली. त्याआधीच अमेरिकेतल्या गृहिणी हवेवर तरंगणारं वाहन घेऊन पलंगाखाली जाऊन आल्या होत्या. रेक्सएअर कंपनीचा ‘रेनबो’ आणखी निराळा. त्यात पिशवीच नाही, तळाशी पाण्याचं भांडं. धूळ पाण्यात अडकते. काम झालं की ते गढूळ पाणी भांड्यात हलवून सर्वांना दाखवायचं. बूथची पारदर्शक नळी विसरली गेली, पण तिचा वंश बुडाला नाही.

जुने क्लीनर जमवणाऱ्यांतले सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे सेंट लुईसचे स्टॅन कॅन. तिथल्या फॉक्स थिएटरमध्ये ते वुर्लिट्झर ऑर्गन वाजवत. या ऑर्गनच्या पाइपांत विजेचा ब्लोअर हवा फुंकतो. म्हणजे फुंकणाऱ्या यंत्रावर पोट आणि ओढणाऱ्या यंत्रांवर जीव, असा त्यांचा संसार होता. १९६०च्या दशकात ते जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ या टीव्ही कार्यक्रमात आपले जुने क्लीनर घेऊन गेले. कॅमेऱ्यासमोर यंत्रं ऐन वेळी रुसायची, काही तरी गळून पडायचं, कॅन यांची धांदल उडायची आणि प्रेक्षक हसून लोटपोट व्हायचे. या भांडवलावर त्यांना त्या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा बोलावणं आलं.

यंत्राचं सुटं सामान किती भेदक दिसू शकतं, हे ग्रॅहम ग्रीनने ‘अवर मॅन इन हवाना’ या १९५८च्या कादंबरीत दाखवलं. तिचा नायक हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकतो आणि ब्रिटिश हेरखात्याकडून पैसे उकळण्यासाठी क्लीनरच्या भागांची रेखाटनं गुप्त शस्त्रास्त्रं म्हणून लंडनला पाठवतो. लंडनवाले हादरतात. संग्राहकांच्या बायकांना गॅरेजात डोकावल्यावर असंच काहीसं होत असावं.

महाराष्ट्रात ही यंत्रं घराघरात शिरली ती १९८२ नंतर, इलेक्ट्रोलक्सच्याच भागीदारीतल्या युरेका फोर्ब्सच्या टाय लावलेल्या विक्रेत्यांबरोबर. दुपारी बेल वाजवून आलेल्या त्या मुलाने गादीतली धूळ काढून दाखवली की घरातल्या आजीसुद्धा ओशाळायच्या. पण आपल्याकडे गालिचे नाहीत, फरशी आहे. फरशीला केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागतं तेही केरसुणीलाच. त्यामुळे त्या कंपनीच्या ‘युरोक्लीन’ची कितीतरी खोकी माळ्यावर गेली आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, खाली उतरू लागली. उतरवली की आधी त्यांच्यावरची धूळ फडक्याने पुसावी लागे.

खरी अडचण होते ती न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी हौशाची. गॅरेज सेलमधून त्याने ‘मॉडेल थर्टी’ उचललेलं असतं, महिनाभर खपून ते चालू केलेलं असतं, आणि डोंबिवलीहून आलेल्या आईसमोर त्याचा प्रयोग चाललेला असतो.

“आई, आवाज ऐकलास? नव्वदीला टेकलंय, पण बघ कसं गुरगुरतंय!”

“आवाज ऐकला. कचरा दाखव.”

तो झाकण उघडतो. पिशवीच्या तळाशी चमचाभर धूळ आणि एक शेवेची काडी.

“एवढ्यासाठी एवढं धूड?” आई चष्मा पुसते. “इथे घाण आहे कुठे रे? घरी घेऊन ये. आपल्या गल्लीत पुन्हा रस्ता खणलाय. रोज एक पिशवी भरेल.”

आपली टिंगल झाली, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. यंत्र एकशेवीस व्होल्टचं, घरची वीज दोनशेतीसची. जुनी मोटर एसीवर चालते तशी डीसीवरही चालते, म्हणून साठऐवजी पन्नास हर्ट्झचं तिला काही वाटणार नाही. म्हणजे एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला की झालं. रोज एक पिशवी! तो यंत्र वजनकाट्यावर ठेवतो आणि आईला विचारतो, परत जाताना तुझी एक बॅग रिकामी असेल ना?